कोतवालापासून पांडूपर्यंत: लाचखाऊ पोलिसाचा विनोद आणि आपली समीक्षा

(नागपूर येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं.)



सुरुवात एका शब्दापासून करू या. शब्द आहे 'पांडू'. (हशा) बघा, मी अजून काही बोललोच नाही आणि तुम्ही हसलात. कोणाबद्दल बोलतोय हे सांगावंच लागलं नाही. बर्डीवर हेल्मेट न घालता निघालेला पोट्टा मागे बसलेल्याला म्हणतो, 'समोर पांडू उभा आहे बे, गल्लीतून घे.' त्याला त्या पोलिसाचं नाव ठाऊक नाही, हुद्दा ठाऊक नाही. पांडू म्हटलं की झालं. आता हे नाव मुळात कोणाचं? पांडुरंगाचं. पंढरीच्या देवाचं, लाडानं आखूड केलेलं. ते रस्त्यावरच्या शिपायाला असं कायमचं चिकटलं, त्याचं मोठं श्रेय म्हणा, दोष म्हणा, १९७५ सालच्या 'पांडू हवालदार' या चित्रपटाकडे जातं.

आज त्या चित्रपटाबद्दल आणि त्याच्या आगेमागे असलेल्या दोन नाटकांबद्दल बोलायचं आहे. पण मुख्यतः त्यांच्या स्वागताबद्दल. लोकांनी त्यातून काय उचललं, समीक्षकांनी काय उचललं आणि दोघांच्याही हातून काय निसटलं. १९६५ ते १९७५ या अवघ्या दहा वर्षांत मराठीत भ्रष्ट पोलिसाला मध्यभागी उभं करून तीन मोठ्या गोष्टी घडल्या. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा', विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' आणि दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार'. पहिल्याचं कौतुक झालं. दुसऱ्यावरून वादळ उठलं. तिसऱ्याला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि जाणत्या मंडळींनी नाक मुरडलं. माल एकच, भाव तीन. असं का झालं?

त्याआधी 'हवालदार' या शब्दाबद्दल थोडं सांगतो, कारण आपण तो फार सैल वापरतो. पोलीस खात्यात शिपाई वेगळा, हवालदार वेगळा. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती असतात, आणि त्या मिळायला नोकरीतली बरीच वर्षं खर्ची पडतात. शिवकाळात तर हवालदार म्हणजे मोठा माणूस. किल्ल्याच्या कारभारात हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असायचे, म्हणजे किल्ला एकट्याच्या हातात राहू नये. आता गंमत बघा, त्या किल्ल्यावरच्या हवालदाराला ज्यांनी तमाशाच्या बोर्डावर आणून उभं केलं, त्या लेखकाचं आडनाव सबनीस! इतिहास कधीकधी असे विनोद स्वतःच करतो.

तर सबनीसांपासून सुरू करू. त्यांनी लिहिलेल्या वगाचं मूळ नाव 'छपरी पलंगाचा वग'. दादा कोंडके तेव्हा सेवादलाच्या कलापथकातून पुढे येऊन स्वतःच्या कार्यक्रमासाठी लेखक शोधत होते. १९६५ मध्ये 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आलं आणि पुढे त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले.

कथा अगदी साधी. राज्यातला कोतवाल मरतो. जागा रिकामी होते. हवालदाराला वाटतं, इतकी वर्षं चाकरी केली, आता आपला नंबर. पण प्रधान त्या जागेवर आपल्या नात्यातल्या माणसाला चिकटवतो. मग हवालदार आणि त्याची मैना मिळून डाव रचतात. ती नव्या कोतवालाला नादी लावते आणि हट्ट धरते, मला राजाचा छपरी पलंग हवा. कोतवाल, म्हणजे चोरांना पकडणारा, चोरीला निघतो आणि पकडला जातो. नियुक्ती वशिल्याची, पोलीसच चोर, आणि त्याला अडकवणाराही पोलीसच. आजच्या भाषेत सांगायचं तर ही चक्क एक हटके क्राइम कॉमेडी आहे. आपण तिला लोकनाट्य म्हणतो एवढाच फरक.

तिचं स्वागत कसं झालं? उत्तम. ज्या पांढरपेशा वर्गानं तमाशाच्या कनातीकडे पाठ फिरवली होती, तोच वर्ग सहकुटुंब तिकीट काढून आला. त्यासाठी जमीन आधीच तयार झालेली होती. सेवादलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' लिहिलं होतं, व्यंकटेश माडगूळकरांनी वगनाट्यं लिहिली होती. तमाशाचा साचा घ्यायचा आणि त्यातून आजच्या राज्यकारभारावर बोलायचं, हे मराठी माणसाला पटलेलं होतं. म्हणून 'विच्छा'तला राजा बावळट दिसला की प्रेक्षकांना कळायचं हा राजा कुठला. समीक्षकांनाही कळायचं. हवालदाराचा द्वयर्थी विनोद होताच, दादा कोंडके म्हटल्यावर तो असणारच. पण त्याला लोककलेचा दाखला मिळालेला होता. आशा भोसले यांनी हे नाटक पाहिलं आणि भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव सुचवलं, त्यातून 'तांबडी माती' मिळाला, हे तर प्रसिद्धच आहे. म्हणजे शिष्टमान्यतेची मोहोर उमटली होती.

आता इथे तमाशाच्या कारागिरीतली एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गण, गौळण, बतावणी आणि मग वग, हा तमाशाचा क्रम आपल्याला ठाऊक आहे. यातल्या बतावणीत आणि वगातही सोंगाड्याला मोकळीक असते. संहिता म्हणजे खुंटी. आजच्या पेपरात काय आलंय, या गावचा सरपंच कोण, काल कोणता मंत्री काय बोलून गेला, ते सगळं तो त्या खुंटीवर टांगतो. 'विच्छा' ज्यांनी अनेकदा पाहिलं त्यांना प्रत्येक वेळी वेगळं नाटक दिसलं, ते यामुळे. हवालदाराच्या तोंडी रोज ताजी बातमी. त्यामुळे विनोदाचा बाण सतत वर जायचा, प्रधानाकडे, राजाकडे, मुंबईतल्या मंत्रालयाकडे. हवालदार स्वतः काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण तो लबाड का झाला हे समोर दिसत होतं. ज्या दरबारात लायकीनं काही मिळत नाही, तिथे तो लबाडीनं मिळवतो.

हे लक्षात ठेवा. आता १९७२.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन ही संस्था, जब्बार पटेल दिग्दर्शक, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना आणि नाना फडणवीस म्हणून मोहन आगाशे. तुम्ही म्हणाल, घाशीराम आणि विनोदी? माझं म्हणणं, सुरुवात आठवा. बावनखणीला निघालेली मंडळी, त्यांच्या सबबी, तो माणसांचा पडदा, गाण्यातून गाण्यात सरकणारे प्रवेश. प्रेक्षक हसत हसत आत शिरतो. बाहेर पडताना त्याला हसू येत नाही, ती गोष्ट वेगळी.

या घाशीरामाला इतिहासाचा आधार आहे. तो पेशवाईतला पुण्याचा कोतवाल. कोठडीत डांबलेले ब्राह्मण गुदमरून मेले, लोक खवळले आणि १७९१ मध्ये त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आलं. मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्येच त्याच्या नावावर पुस्तक लिहिलं होतं. पण तेंडुलकरांना इतिहास सांगायचा नव्हता. त्यांच्या नाटकात परगावाहून आलेल्या घाशीरामावर चोरीचा खोटा आळ येतो, तो मार खातो, सूड घ्यायचं ठरवतो, आणि पोटची पोर नानाला देऊन कोतवाली मिळवतो. पुढे तो शहर नासवतो. पण नाटकाचं मर्म नानाच्या हिशेबात आहे. नानानं हा कोतवाल मुद्दाम नेमला, कारण उद्या सगळा राग त्याच्यावर निघेल आणि आपण सुखरूप राहू. तसंच होतं. जमाव खवळतो तेव्हा नाना घाशीरामाला जमावाच्या हवाली करतो आणि स्वतः पुढच्या समारंभाला मोकळा होतो.

'विच्छा'त कोतवाल प्रधानानं नेमला. इथे नानानं नेमला. मुद्दा तोच: भ्रष्ट पोलीस आकाशातून पडत नाही, त्याला कोणीतरी नेमतं. मग 'विच्छा'वर फुलं आणि 'घाशीराम'वर निषेध का? कारण सबनीसांच्या राजाला नाव नव्हतं. तेंडुलकरांच्या नानाला नाव होतं, आडनाव होतं आणि जातही होती. इतिहासाचं विद्रूपीकरण, ब्राह्मणांची बदनामी, अशी टीका सुरू झाली. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी नाटक थांबवलं. मग ही तरुण मंडळी संस्थेतून बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि नाटक पुन्हा उभं राहिलं. १९८० मध्ये ते युरोपला निघालं तेव्हा पुन्हा विरोध, पुन्हा कोर्ट. नाना फडणवीस हे थोर मुत्सद्दी होते आणि हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे, अशा अर्थाचं निवेदन प्रयोगाआधी करण्याची तडजोड झाली, तेव्हा कुठे दौरा पार पडला. विनोदाआधी खुलासा! (हशा)

पण बघा, या सगळ्या वादात एक गोष्ट कोणी नाकारली नाही. हे नाटक सत्तेबद्दल आहे, हे विरोधकांनाही मान्य होतं. उलट म्हणूनच तर ते चिडले. समीक्षेच्या दृष्टीनं हा मोठा सन्मान आहे. तुमचा वार कुठे लागला हे समोरच्याला कळलं, याहून अधिक लेखकाला काय हवं?

आणि आता १९७५. 'पांडू हवालदार'.

'सोंगाड्या', 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा' हे चित्रपट झाले होते आणि दादांनी आता दिग्दर्शनही स्वतःकडे घेतलं. हा त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. भोळा पांडू हवालदार म्हणजे स्वतः दादा. त्याच्या जोडीला चिरीमिरीवर जगणारा सखाराम हवालदार म्हणजे अशोक सराफ. केळेवाली पारू म्हणजे उषा चव्हाण. निळा गणवेश, अर्धी विजार, डोक्यावर ती पिवळी चपटी टोपी. आज पन्नास वर्षांनीही ते चित्र डोळ्यांपुढे येतं. अशोक सराफांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ज्या थोड्या भूमिकांची नावं सगळ्यांच्या तोंडी आली, त्यांत हा सखाराम होताच.

इथे नागपूरकर म्हणून थोडी कॉलर ताठ करून घेऊ. या चित्रपटातून राम-लक्ष्मण ही संगीतकार जोडी मराठी चित्रपटात आली. हे नाव त्यांना दादांनीच दिलं. त्यातले 'लक्ष्मण' म्हणजे विजय पाटील, आपल्या नागपूरचे. राम, म्हणजे सुरेंद्र, लवकर गेले. पण पाटलांनी दोघांचं नाव शेवटपर्यंत चालवलं, पार 'मैंने प्यार किया'पर्यंत. २२ मे २०२१ ला ते नागपुरातच वारले. गल्लाभरू विनोदी चित्रपट म्हणून ज्याच्याकडे बघितलं गेलं, त्यानं हिंदीला एक संगीतकार दिला, ही नोंद एरवी राहून जाते.

स्वागताबद्दल बोलू. प्रेक्षकांबाबत काही शंकाच नाही. दादांचे चित्रपट एकामागून एक रौप्यमहोत्सव करत होते, 'पांडू' त्याच माळेतला मणी. समीक्षेचं काय? त्याच १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात 'सामना' दाखवला गेला. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, डॉ. लागू आणि निळू फुले. एका माणसाचा खून गावातल्या सत्तेनं पचवलेला असतो, त्याचा माग काढणारी गोष्ट. मराठी सिनेमाबद्दल गंभीरपणे लिहिणारा माणूस त्या वर्षी 'सामना'बद्दल लिहिणार हे स्वाभाविक होतं, आणि 'सामना' त्या योग्यतेचा आहेच. 'पांडू'बद्दल जी चर्चा झाली आणि पुढेही होत राहिली, ती मात्र द्वयर्थी संवादांपाशी येऊन थांबली. श्लील की अश्लील? सेन्सॉरनं कात्री का लावली नाही? दादांचं यावर ठरलेलं उत्तर असायचं: माझ्या वाक्याचा पहिला अर्थ सोवळा आहे, दुसरा अर्थ तुमच्या डोक्यातला. वाद घालायला हे उत्तर फारच सोयीचं होतं, त्यामुळे वाद तिथेच फिरत राहिला. सखाराम हवालदार लाच खातो, हा कथेचा कणा. त्याकडे बघायला कोणाला सवड झाली नाही.

म्हणजे बघा हं, लाचखाऊ कोतवाल धोतर-पगडीत आला तेव्हा आपण त्याला लोककला म्हटलं. पेशवाई पोशाखात आला तेव्हा राजकारण म्हटलं. अर्ध्या विजारीत, आपल्याच रस्त्यावर, आपल्याच काळात आला, तेव्हा आपण म्हटलं: चावटपणा.

पण सगळा दोष समीक्षकांच्या माथी मारणंही बरोबर नाही. मी मघाशी खुंटीबद्दल बोललो. रंगमंचावरचा हवालदार रोज नवी बातमी टांगू शकत होता. चित्रपटाची रीळ एकदा बंद झाली की झाली. त्यात आज सकाळचा मंत्री येऊ शकत नाही. शिवाय सेन्सॉरची कात्री. राजकीय टोमणा दोन महिन्यांत शिळा होतो, देहाचा विनोद शिळा होत नाही. मग पडद्यावर कोण टिकणार? 'विच्छा'तल्या हवालदाराकडे दोन हत्यारं होती, ताजा राजकीय टोमणा आणि द्वयर्थी विनोद. पडद्यावर येताना पहिलं हत्यार दरवाजात काढून घेतलं गेलं आणि दुसरं तेवढं आत आलं. नट तोच, हवालदार तोच, तरी विनोदाचं वजन बदललं. हे मला समीक्षेत वाचायला आवडलं असतं. माझ्या वाचनात तरी आलं नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. 'विच्छा'त प्रधान आहे, राजा आहे. 'घाशीराम'मध्ये नाना आहे. 'पांडू हवालदार' पाहून आलेल्या माणसाला विचारा, काय आठवतं? पांडू आठवतो, सखाराम आठवतो, पारू आठवते. त्यांच्या वरचा साहेब आठवतो का? त्या साहेबाच्या वरचा? कोणालाच आठवत नाही. भोळा हवालदार विरुद्ध लबाड हवालदार, यातच सगळा खेळ संपतो. बाण वर जायचा तो आता आडवा जायला लागला. आणि आपण, म्हणजे प्रेक्षकांनी, तो खाली वळवला. चित्रपटात पांडू हा प्रामाणिक माणूस आहे! लाच खातो तो सखाराम. तरी आपण रस्त्यावर चिरीमिरी मागणाऱ्याला 'सखाराम' म्हणत नाही, 'पांडू' म्हणतो. यापेक्षा मोठी समीक्षा कुठली? लोकांनी चित्रपट पाहिला, पोट धरून हसले आणि प्रामाणिक हवालदाराचं नाव लाचखाऊ हवालदाराला देऊन टाकलं. वर्दीतला खालचा माणूस म्हणजे एकतर बावळट नाहीतर खाऊ, दोन्ही एकच.

हे हसण्यावारी नेण्यासारखं का नाही, ते सांगतो. चित्रपटानंतर सातच वर्षांनी, १८ ऑगस्ट १९८२ ला, मुंबईचे पोलीस शिपाई आणि हवालदार रस्त्यावर उतरले. त्यांची संघटना होती. पगार, घरं, कामाचे तास, साहेबांच्या घरची कामं, असे प्रश्न होते. सरकारनं संघटनेच्या नेत्यांना ताब्यात घेतलं, शहर पेटलं. गिरणी संप आधीच चालू होता, गिरणी कामगारही त्यात उतरले. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. शेवटी सीमा सुरक्षा दल आणि लष्कर आणावं लागलं. संघटनेची मान्यता गेली, कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणजे ज्या माणसाला पडद्यावर बघून अख्खा महाराष्ट्र हसत होता, तो माणूस आतून असा धुमसत होता. विनोदी चित्रपटानं हे दाखवायलाच हवं होतं असं मी म्हणत नाही. पण चिरीमिरी कुठून जन्मते, पगार किती, क्वार्टर कशी, वरून हप्त्याचा आकडा कोण ठरवतो, हे प्रश्न 'सखाराम हवालदार' या पात्राच्या आत दडलेले होते. टीकाकाराचं काम ते बाहेर काढण्याचं असतं.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, 'अर्धसत्य' आला. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानी. भ्रष्ट यंत्रणेत घुसमटणारा सब इन्स्पेक्टर अनंत वेलणकर. समीक्षकांनी त्याला मनापासून स्वीकारलं, ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो चित्रपट मोठा आहेच, वाद नाही. पण वाटणी बघा कशी झाली. साहेबाच्या वाट्याला शोकांतिका, हवालदाराच्या वाट्याला फार्स. फितींपेक्षा तारे असलेल्या खांद्याचं दुःख आपल्याला लवकर दिसतं.

आपल्याकडेच असं आहे असं नाही. १९१२ पासून अमेरिकेत मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीनं मूकपटात धांदरट पोलिसांची अख्खी फौज धावायला लावली. धडपडणारे, एकमेकांवर आदळणारे. तेही बिनफितीचे पोलीसच. पण चॅप्लिननं पुढे तोच धावणारा पोलीस घेतला आणि त्याच्यासमोर भुकेला माणूस उभा केला, तेव्हा तोच धांदरटपणा एकदम सत्तेचा चेहरा झाला. समोर कोण आहे यावर बरंच अवलंबून असतं.

अलीकडचं थोडक्यात. ३ डिसेंबर २०२१ ला विजू माने यांचा 'पांडू' आला. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सोनाली कुलकर्णी, प्रवीण तरडे. दादांना मानवंदना, असं उघडच म्हटलं होतं. पुन्हा दोन हवालदार, पांडू आणि महादू. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी 'सूर्यवंशी' लागला होता, हेलिकॉप्टरवाले पोलीस. (हशा) टाळेबंदीनंतर थिएटरं नुकती उघडली होती, लोकांना हसायचं होतं. मानवंदना म्हटली की समीक्षा जरा मऊ होते, तुलना मूळ चित्रपटाशी आणि नटाची तुलना दादांशी होते. काळाशी होत नाही.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, तुम्ही हवालदाराची बाजू घेताय. पण चौकात पैसे तोच मागतो ना? आम्हाला आमदार भेटत नाही, हवालदार भेटतो.

उत्तर: अगदी बरोबर. आणि म्हणूनच त्याच्यावर विनोद होणारच, व्हायलाच हवा. लोकांचा राग ज्याच्याशी गाठ पडते त्याच्यावर निघतो. नाना फडणविसाचा हिशेब नेमका हाच होता, नाही का? मी एवढंच म्हणतोय की 'विच्छा'नं चौकातल्या माणसाला धरून प्रधानापर्यंत नेलं. दर हिवाळ्यात अधिवेशनाला राज्यभरातून शिपाई-हवालदार नागपुरात आणले जातात. डिसेंबरची थंडी, कुठल्यातरी सभागृहात झोपायचं, दिवसभर बॅरिकेडला टेकून उभं राहायचं. मोर्चा आतल्या मंत्र्यावर आलेला असतो, शिव्या मात्र बॅरिकेडवरचा माणूस खातो. या प्रसंगावर कोणी वग लिहिला तर तो आजही उभा राहील. त्यात हवालदार पैसे खाताना दाखवा, माझी हरकत नाही. फक्त मोर्चा ज्याच्यावर आला, तोही स्टेजवर असू द्या.

प्रश्न: विदर्भात असं काही झालं का? म्हणजे दंडार, खडी गंमत यात?

उत्तर: चांगला प्रश्न. दंडार आणि खडी गंमत या आपल्याकडच्या मोकळ्या परंपरा. तिथेही बोलता बोलता विषय बदलता येतो, गावातला माणूस नाव न घेता ओळखू येतो. आणि झाडीपट्टीची रंगभूमी तर आजही जिवंत आहे. दिवाळीनंतर वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात रात्रभर नाटकं चालतात, तिकीट काढून चालतात. ज्या खुंटीबद्दल मी बोललो ती तिथे अजून भिंतीत आहे. पण पुण्या-मुंबईची समीक्षा तिकडे वळत नाही, आणि नागपूरचीही फार वळत नाही, हे आपण आपल्यात बोलू. (हशा)

प्रश्न: 'सैंया भये कोतवाल' हे हिंदी नाटक याच 'विच्छा'वरून का?

उत्तर: हो. उषा बॅनर्जींनी केलेलं रूपांतर. हिंदी पट्ट्यातल्या कितीतरी संस्थांनी ते केलं. शीर्षक बघा, हिंदीतली म्हण आहे, सैंया भये कोतवाल, अब डर काहे का. मराठी नावात 'विच्छा' आहे, म्हणजे हौस, लाडीगोडी. हिंदी नावात थेट पोलीस खात्यातला वशिला आहे. मला विचाराल तर हिंदी शीर्षक गोष्टीच्या जास्त जवळ जातं. मराठीतही 'छपरी पलंगाचा वग' हे मूळ नाव चोरीच्या मालाचंच होतं.

प्रश्न: ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, त्यांनी कुठून सुरुवात करावी?

उत्तर: 'पांडू हवालदार' आधी बघा, पण यावेळी पांडूकडे नका बघू, सखारामाकडे बघा. तो पैसे कोणाकडून घेतो, कशासाठी घेतो, हे मोजत बसा. मग 'अर्धसत्य'. आणि मिळाला तर १९७६ चा 'घाशीराम कोतवाल' चित्रपट. युक्त नावाच्या सहकारी गटानं केलेला, मणी कौल, के. हरिहरन वगैरे मंडळी. त्यात नाना म्हणजे मोहन आगाशेच. आणि घाशीराम कोण, माहीत आहे? ओम पुरी. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या भूमिकांपैकी ती एक. आधी कोतवाल, सात वर्षांनी सब इन्स्पेक्टर वेलणकर. दोन्ही एका आठवड्यात बघा.